आंत काय आहे?

घोडनदीच्या कांठीं वसलेल्या शिरूर गांवांत एक जुनें थडगें आहे. तें कर्नल वॉलेस नांवाच्या एका इंग्रज सेनाधिकाऱ्याचें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शिरूर येथें इंग्रजांची छावणी होती, आणि हा अधिकारी १८०९ सालीं तेथें वारला. त्यानें कोणत्या लढाया मारल्या, हें आज शिरूरच्या बाजारपेठेंत कोणास विचारलें तर क्वचितच सांगतां येईल. परंतु १८८५ सालच्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत त्याच्याविषयीं एक विलक्षण नोंद आहे. शिरूरचे व आसपासच्या खेड्यांतील लोक या परक्या माणसास 'सत्पुरुष' म्हणत, आणि सुगी झाली म्हणजे नव्या धान्याचा पहिला वांटा त्याच्या थडग्यापुढें नैवेद्य म्हणून ठेवीत.

ही नोंद वाचतांना मला नेहमीं असें वाटत आलें आहे कीं, स्मरण कसें करावें हें त्या शेतकऱ्यांना आपणांपेक्षां अधिक चांगलें कळलें होतें. छावणीतला एक परका अधिकारी देवपदास कसा पोंचला, हा प्रश्न आपण इतिहासकारांवर सोंपवूं. मला त्यांतून घ्यावयाचें आहे तें एवढेंच कीं, त्या लोकांनीं सभा भरविल्या नाहींत कीं भाषणें केलीं नाहींत. आपल्या घरांत जें नवें आलें, त्यांतलें थोडें काढून त्यांनीं दरसाल तेथें नेऊन ठेवलें. स्मरण म्हणजे कांहीं तरी देणें, असा त्यांचा साधा हिशेब होता. आज मी ज्यांच्याविषयीं बोलणार आहें, त्यांना आपण काय देतों, हा माझा विषय आहे.

दरसाल ता. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवसापासून ता. २० पर्यंत अग्निशमन सप्ताह होतो. कर्तव्य बजावतांना मृत्यु आलेल्या अग्निशामकांचें त्या दिवशीं स्मरण करतात. त्यांना आपल्या खेड्यापाड्यांतून कोणी अग्निशामक म्हणत नाहीं, 'बंबवाला' म्हणतात. बंब आला म्हणजे पोरेंबाळें धांवतात, घंटेचा आवाज ऐकून बायकामंडळी दारांत येतात, आणि आग विझली म्हणजे जो तो घरीं जातो. बंबावर चार माणसें होतीं कीं पांच, त्यांचीं नांवें काय, हें विचारण्याची कोणास आठवण राहत नाहीं. पोलीस शिपायाचें नांव गांवाला ठाऊक असतें, टपाल आणणाऱ्याचें असतें. पण बंबवाल्याचें नसतें, कारण तो आपल्या दारीं येतो तो आपल्या आयुष्यांतल्या सर्वांत वाईट घटकेला, आणि ती घटका सरली म्हणजे तिच्याबरोबर आपण त्यालाहि विसरूं पाहतों.

मी मात्र एका बंबवाल्याला विसरूं शकलों नाहीं. तो मेला नाहीं, वांचला. परंतु तो वांचला यांत आमच्या घराकडे कांहीं पुण्य नव्हतें, म्हणून ही हकीगत प्रथम सांगतों.

माझें लहानपण दौंड तालुक्यांत गेलें. आमच्या भागांत भीमेच्या पाण्यावर ऊंस, आणि ऊंसाबरोबर गुऱ्हाळें. आमचेंहि एक गुऱ्हाळ होतें. हिंवाळ्यांत चुलाण पेटलें कीं, रात्रंदिवस काहिलींत रस उकळत असे, गुळव्या काकवीवर नजर ठेवून उभा असे, आणि चरकांतून निघालेलीं चिपाडें वाळण्यासाठीं बाहेर पसरलेलीं असत. वाळलेल्या चिपाडांच्या गंजी आणि त्यांच्यापासून वीस पावलांवर चोवीस तास जळणारें चुलाण, अशी ती एकंदर रचना. आग लागत नसे हेंच आश्चर्य म्हणावयाचें. मी बारा-तेरा वर्षांचा असतांना एके दुपारीं ती लागली. गंजीवरून ती शेजारच्या पत्र्याच्या खोलीकडे सरकली. त्या खोलींत रिकामीं पोतीं, दोर, जुनें सामान असे. आणि पोत्यांच्या आड डिझेलचें एक भरलेलें पिंप होतें. चरकाच्या इंजिनाला तेल कमी पडूं नये म्हणून माझ्या थोरल्या चुलत्यांनीं तें आणून ठेवलें होतें. एवढा सांठा ठेवण्याचा परवाना आमच्यापाशीं नव्हता.

बंब आला. त्यांतून उतरलेल्या माणसांतला जो प्रमुख होता, त्यानें पाण्याची नळी सोडण्यापूर्वीं चुलत्यांना विचारलें, "मालक, आंत काय हाय?"

चुलते म्हणाले, "पोती हायेत. दुसरं काय नाय."

त्यानें पुन्हां विचारलें. चुलत्यांनीं पुन्हां तेंच सांगितलें. मी त्यांच्या शेजारींच उभा होतों. मला पिंप ठाऊक होतें, तें उतरवून घेतांना मीं हात लावला होता. मी बोललों नाहीं. वडील माणसें बोलत असतांना मुलांनीं तोंड घालूं नये, ही शिस्त तर होतीच. पण खरें कारण तें नव्हतें. खरें कारण असें कीं, परवान्याची गोष्ट बाहेर फुटली तर चुलत्यांना दंड होईल, हें मला कळत होतें.

तो मनुष्य नळी घेऊन खोलीच्या दारांत शिरला. थोड्याच वेळानें आंतून भडका झाला आणि तो मागें कोसळला. सोबत्यांनीं त्याला ओढून बाहेर काढलें. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. त्याला झाडाखालीं बसविलें तेव्हां पाणी घेऊन मीच गेलों. त्यानें डाव्या हातानें तांब्या घेतला आणि माझ्याकडे पाहून विचारलें, "पोरा, तुला ठाऊक होतं?"

मी उत्तर दिलें नाहीं. त्यानेंहि पुन्हां विचारलें नाहीं.

पुढें मोठेपणीं मुंबईच्या गोदींतील स्फोटाची हकीगत मीं वाचली, तेव्हां मला तें पिंप आठवलें. अग्निशमन सेवा दिन १४ एप्रिललाच कां, याचें उत्तर त्या हकीगतींत आहे.

ता. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुसरें महायुद्ध चालू होतें. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' नांवाचें ७,१४२ टनांचें मालवाहू जहाज उभें होतें. फेब्रुवारींत इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरांतून निघून, वाटेंत कराचीस थांबून, तें ता. १२ रोजीं मुंबईस पोंचलें होतें. त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन स्फोटकें व दारूगोळा होता. मोडून भरलेलीं विमानें होतीं. सोन्याच्या विटा होत्या. आणि कराचीस चढविलेला कापूस, तेलाचीं पिंपें, लांकूड, गंधक असा इतर मालहि होता. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजांत. ज्यानें जिनिंगचा कारखाना पाहिला आहे त्यास यांतला धोका समजावून सांगावयास नको. दाबून बांधलेल्या कापसाच्या गांठींत ठिणगी शिरली म्हणजे ती ज्वाळा करीत नाहीं, ती गांठीच्या पोटांत धुमसत राहते. वरून पाणी ओतलें तरी तें आंतपर्यंत शिरत नाहीं.

स्फोटकें घेऊन येणाऱ्या जहाजानें लाल निशाण लावावें, असा बंदराचा नेम असे. युद्धाच्या धामधुमींत तो पाळला जात नव्हता, आणि या जहाजावरहि तें निशाण नव्हतें. असा माल गोदीबाहेर दूर उभें राहून लहान होड्यांत उतरवावा, हा नेमहि युद्धकाळांत सैल झाला होता. जहाज धक्क्याला लागून दोन दिवस झाले तरी सर्व माल उतरला नव्हता.

दुपारीं दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या मालखणांतून धूर येत असल्याचें ध्यानांत आलें. बंब आले, आणखी आले. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स हे स्वतः धक्क्यावर हजर झाले. दाट धुरामुळें आग नेमकी कोठें आहे तें दिसेना. सुमारें ९०० टन पाणी जहाजांत सोडण्यांत आलें, आणि आंतल्या उष्णतेनें तें पाणीच उकळूं लागलें. दरम्यान धक्क्यावर मतें पडत होतीं. जहाज आहे तेथेंच बुडवावें, असें एक मत. तें ओढून समुद्रांत न्यावें, असें दुसरें. पाणी मारीत राहावें, असें तिसरें. परंतु शेवटची आज्ञा कोणी द्यावयाची, हें कांहीं केल्या निश्चित होईना. कोणाला काय ठाऊक होतें आणि कोणाला काय ठाऊक नव्हतें, याचा तो एक मोठा गोंधळ होता. आसपासच्या जहाजांवरचे खलाशी आणि गोदींतले मजूर तर नेहमींची एक आग म्हणून धूर पाहत उभे होते. लाल निशाण नसल्यामुळें त्यांना पळून जाण्याचें कारणच कळलें नव्हतें.

३ वाजून ५० मिनिटांनीं जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, आणि सुमारें अर्ध्या तासानें दुसरा, पहिल्याहून मोठा. दूर असलेल्या सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद उमटली. गोदींतलीं तेरा जहाजें नाहींशीं झालीं. आग आटोक्यांत आणण्यास तीन दिवस लागले. पडलेले ढिगारे उपसण्यास सुमारें ८,००० माणसें सात महिने राबलीं. मृतांचा आंकडा निरनिराळ्या ठिकाणीं ८०० पासून १,३०० पर्यंत दिलेला आढळतो, आणि ८०,००० लोक बेघर झाले.

त्या मृतांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण होते. दुपारीं दोन वाजल्यापासून जे नळ्या धरून उभे होते, तेच पहिल्या स्फोटांत गेले. त्यांच्या पाठीमागें मुंबई शहर होतें, म्हणून ते उभे होते. भायखळ्याच्या अग्निशमन केंद्रांत त्यांचें स्मारक आहे, आणि दरवर्षीं १४ एप्रिलला तेथें पुष्पचक्र वाहिलें जातें.

श्रोतेहो, या हकीगतींतली आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगतों, कारण मी ध्वनिक्षेपकासमोर बसून बोलत आहें. एवढा मोठा स्फोट, अर्ध्या मुंबईनें डोळ्यांनीं पाहिलेला; पण त्याची सविस्तर बातमी दुसऱ्याच दिवशीं, ता. १५ रोजीं, दिली ती जपान्यांच्या ताब्यांतील सायगांव रेडिओनें. आपल्या येथील बातमीदारांना वृत्त बाहेर धाडण्याची मोकळीक मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत. युद्धाचे नियम निराळे असतात हें मान्य केलें पाहिजे. तथापि निशाण लावलें नाहीं येथून जी गोष्ट सुरू झाली, ती बातमी दाबली येथें संपली, यांत मला एक सरळ धागा दिसतो. शत्रूला कळूं नये म्हणून जें झांकलें, तें आपल्याच माणसांनाहि कळलें नाहीं.

आग विझविणें म्हणजे पाणी ओतणें, अशी आपणां बहुतेकांची समजूत असते. ती खरी असती, तर बंबवाल्याला विचारण्यासारखें कांहींच उरलें नसतें. परंतु पाणी हें प्रत्येक आगीचें औषध नव्हे. जळणाऱ्या तेलावर पाण्याची धार सोडली तर पाणी तळाला जातें आणि तेल वर तरंगत पसरतें. आग विझण्याऐवजीं फिरावयास निघते. वीज चालू असतां पाणी मारलें तर तीच धार मारणाऱ्याच्या जिवावर उठते. वेल्डिंगच्या कामांत वापरतात तें कॅल्शियम कार्बाइड भिजलें म्हणजे त्यांतून ॲसिटिलीन हा जळाऊ वायु निघतो. सोडियम धातूला तर पाण्याचा स्पर्शहि पुरे होतो. म्हणून आंत काय आहे, या एका प्रश्नाच्या उत्तरावर पाणी मारावयाचें, फेस मारावयाचा, वाळू टाकावयाची कीं माणसें मागें घ्यावयाचीं, हें सर्व ठरतें.

बंद खोलींतल्या आगीचा प्रकार आणखीच फसवा असतो. खोलींतली हवा संपत आली म्हणजे ज्वाळा मंदावतात, आणि बाहेरून पाहणाऱ्यास वाटतें कीं आग विझत चालली. वस्तुतः आंत तापलेले जळाऊ वायु कोंडलेले असतात. दार धाडकन् उघडलें कीं, बाहेरची हवा आंत शिरते आणि एका क्षणांत सगळी खोली तोंडावर येते. म्हणून शिकलेला अग्निशामक दाराला प्रथम पालथा हात लावून पाहतो, आणि मग बाजूला राहून तें बेताबेतानें उघडतो. त्याच्या पाठीवरच्या नळकांड्यांत श्वासाची हवा असते ती सुमारें अर्ध्या तासाची, आणि श्रम अधिक पडले तर त्याहूनहि कमी वेळाची. त्या अर्ध्या तासांत त्याला जिना शोधावयाचा असतो, माणूस शोधावयाचा असतो आणि परतीची वाट लक्षांत ठेवावयाची असते. यांतलीं पांच मिनिटें जर तो आपण ठेवलेल्या अडगळींत चांचपडत घालवूं लागला, तर तीं पांच मिनिटें आपण त्याच्या श्वासांतून काढून घेतलेलीं असतात.

ही कांहीं १९४४ सालचीच गोष्ट नव्हे. ता. ९ मे २०१५ रोजीं मुंबईच्या काळबादेवी भागांत गोकुळ निवास नांवाच्या जुन्या इमारतीला आग लागली. दाट वस्ती, अरुंद गल्ली आणि लांकडी सांगाड्याची इमारत. आग विझवीत असतां ती इमारत कोसळली. त्या दुर्घटनेंत मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले: संजय राणे आणि महेंद्र देसाई, आणि रुग्णालयांत कित्येक दिवस झुंज देऊन उपप्रमुख सुधीर अमीन व दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर. दलाचा प्रमुख आपल्या माणसांबरोबर आगीच्या तोंडाशीं होता, एवढें सांगितलें म्हणजे त्या दलाच्या परंपरेविषयीं निराळें सांगावें लागत नाहीं. पुढच्याच वर्षीं, ता. ३१ मे २०१६ रोजीं, वर्धा जिल्ह्यांतील पुलगांवच्या लष्करी दारूगोळा भांडारांत आग लागली, आणि ती विझवावयास धांवलेल्यांत लष्करी अधिकाऱ्यांबरोबर तेथील अग्निशमन कर्मचारीहि मृत्युमुखीं पडले. आणि आगच पाहिजे असेंहि नाहीं. ता. १ डिसेंबर २०१९ रोजीं पुण्याजवळ दापोडी येथें खोल चरांत अडकलेल्या एका मजुराला काढण्यासाठीं अग्निशमन दलाचा एक तरुण जवान आंत उतरला. वरची माती ढांसळली. मजूरहि गेला आणि जवानहि गेला.

या सर्व ठिकाणीं कोणी कांहीं लपविलें, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं; तसें म्हणणें अन्यायाचें होईल. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, ज्याला आपण संकटांत हांक मारतों तो अनोळखी जागेंत शिरतो. ती जागा आपली असते. तिचे कोनेकोपरे, तिच्या भिंतींचें बळ, तिच्या तळघरांतला माल आपल्याला ठाऊक असतो, त्याला नसतो. त्याच्या शौर्याला आपण टाळ्या देतों. पण त्याच्या अज्ञानाचा जो भाग आपण दूर करूं शकतों, तो करण्याचें आपल्याला सुचत नाहीं.

आतां पुन्हां शिरूर-दौंडकडे येतों. माझ्या लहानपणीं या तालुक्यांत आग म्हणजे चिपाडांची, कडब्याच्या गंजीची, नाहीं तर विजेच्या तारा घांसून पेटलेल्या ऊंसाची. आज तेवढेंच नाहीं. शिरूर तालुक्यांत रांजणगांव येथें, अष्टविनायकांपैकीं महागणपतीच्या गांवाला लागून, मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. दौंड तालुक्यांत कुरकुंभ येथें रसायनांचे कारखाने आहेत. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा रस्ता एका तालुक्यांतून जातो, अहिल्यानगरकडे जाणारा दुसऱ्यांतून, आणि दोहोंवरून ज्वालाग्राही मालाचे टँकर अहोरात्र धांवतात. ऑगस्ट २०१९ मध्यें कुरकुंभच्या एका रासायनिक कारखान्यांत रात्रीं आग लागली, तेव्हां आसपासच्या गांवांतील लोकांनीं पोरेंबाळें घेऊन अंधारांत घरें सोडलीं. लोक कारखान्यापासून दूर धांवत होते, आणि त्याच रस्त्यानें उलट दिशेला बंब जात होते. मला त्या रात्रीचें हेंच चित्र सर्वांत बोलकें वाटतें. सर्वजण ज्यापासून पळतात, त्याकडे पगारावर जाणारा असा तो मनुष्य आहे.

त्याला कळावें म्हणून कायद्यानें कांहीं सोय केलेली आहे. धोकादायक माल नेणाऱ्या टँकरवर मालाचें नांव, एक चार आंकडी क्रमांक आणि संकटकाळीं बोलावण्याचा दूरध्वनि लिहिलेला असावा, असा मोटार वाहनांचा नियम आहे. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे द्रवरूप पेट्रोलियम वायु, १०१७ म्हणजे क्लोरीन. जगांत कोठेंहि हा क्रमांक वाचतां येतो. टँकर उलटला आणि चालक बेशुद्ध असला, तरी ती पाटी बोलते. फोर्ट स्टिकीनवर जें लाल निशाण नव्हतें, तेंच हें निशाण आहे. ती पाटी चिखलानें माखली असेल, किंवा जुन्या मालाची तशीच राहिली असेल, तर तो सामान्य निष्काळजीपणा नव्हे.

आपण शहरांत राहणारीं माणसें म्हणाल, आमच्या घरांत कोठें रसायनें आहेत? पण जिन्याखालीं ठेवलेल्या जुन्या गाद्या, दुचाकी आणि रद्दी आहे. जास्तीचा गॅस सिलिंडर कपाटामागें आहे. गच्चीच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली कोणापाशीं आहे हें कोणास ठाऊक नाहीं. बंब शिरावयाच्या फाटकांत मोटारी उभ्या आहेत. २००६ सालच्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्यानें, ज्या इमारतींत अशी यंत्रणा बंधनकारक आहे तेथें ती चालू असल्याचें प्रमाणपत्र दरसाल जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावें लागतें. तें प्रमाणपत्र पुष्कळ ठिकाणीं कागदाचा एक उपचार होऊन बसतें. नळी भिंतीवर टांगलेली असते आणि तिला पाणी आहे कीं नाहीं हें कोणी पाहत नाहीं. आग लागल्यावर जो मनुष्य त्या नळीवर विसंबून आंत जातो, त्याच्याशीं आपण केलेला तो करार असतो, हें सही करणाऱ्याच्या मनांत येत नाहीं.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे खरें बोलणें. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर हांक मारतांना पत्ता नीट सांगावा, काय जळतें आहे तें सांगावें, आंत कोणी माणूस आहे काय तें सांगावें, आणि आंत असा कांहीं पदार्थ असेल कीं जो तेथें असावयास नको होता, तर तो सर्वांत आधीं सांगावा. दंड होईल, अब्रू जाईल, विम्याचे पैसे मिळणार नाहींत, या भीतीनें माणसें त्या वेळीं गप्प राहतात. मी स्वतः गप्प राहिलों होतों, म्हणून त्या भीतीची मला ओळख आहे. आमच्या चुलत्यांना पुढें दंड झालाच. तो त्यांनीं भरला आणि कांहीं वर्षांत विसरूनहि गेले. पण त्या घटनेनंतर ते जत्रेला जावोत कीं लग्नाला, बंबाची घंटा कानांवर पडली म्हणजे ते बोलतां बोलतां थांबत, आणि ती दूर जाईपर्यंत पुन्हां बोलत नसत. दंडाची पावती फाटून गेली. ही दुसरी शिक्षा त्यांना जन्मभर पुरली. ती थोड्याफार अंशानें मलाहि वांट्याला आली आहे.

श्रोतेहो, शिरूरच्या शेतकऱ्यांनीं आपल्या नव्या पिकांतला पहिला वांटा थडग्यापुढें ठेवला. आपणांपाशीं शेतें नाहींत. बंबवाल्याला आपण काय देऊं शकतों? त्याला आपलें धान्य नको आहे, आणि फुलेंहि एका दिवसापुरतींच. त्याला आपल्या घराची वाट मोकळी पाहिजे, भिंतीवरच्या नळींत पाणी पाहिजे, आणि आपल्या तोंडचें खरें उत्तर पाहिजे. १४ एप्रिल उजाडला म्हणजे आपण आपल्या जिन्यावरून एकदां खालपर्यंत चालत जावें आणि धुरानें डोळे मिटलेला, जड पोषाख घातलेला, ओळख ना पाळख असा एक मनुष्य येथून वर येणार आहे, असें समजून प्रत्येक पायरी पाहावी. जें वाटेंत असेल तें उचलावें. व्हिक्टोरिया गोदीच्या धक्क्यावर गेलेल्या त्या ६६ जणांपुढें ठेवण्यासारखा याहून योग्य नैवेद्य मला तरी दिसत नाहीं.

मग केव्हां तरी एखाद्या रात्रीं तो आपल्या दारांत येऊन विचारील, "आंत काय आहे?" त्या वेळीं आपणांस त्याच्या डोळ्याला डोळा देऊन उत्तर देतां यावें.